चाल सांगणारा आवाज

पेण, हमरापूर आणि जोहे या पट्ट्यात गणपतींच्या कारखान्यांना सुट्टी नसते. भाद्रपद संपून माणसं जेमतेम दमलेली असतात, तोवर पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. इथून निघणाऱ्या मूर्तींपैकी पुष्कळशा रंग न लावताच ट्रकात चढतात. त्यांना इकडे ‘कच्ची मूर्ती’ म्हणतात. रंग, दागिने, डोळ्यांची आखणी हे सगळं मूर्ती जिथे पोहोचेल तिथे होतं. मला मात्र या कच्च्या मूर्ती बघायला फार आवडतात. सोंडेचं वळण, गुडघ्यावरून उतरलेल्या पितांबराची चुणी, मोदक धरलेल्या बोटांची ठेवण, यांत कारागिराचा हात उघडा दिसतो. रंग चढला की त्याची चूक झाकली जाते आणि त्याचं कसबही.

याच पेणमध्ये १ नोव्हेंबर १९२६ रोजी संगीतकार यशवंत देव जन्मले. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ साली आलं. गावाजवळून भोगावती वाहते, पलीकडे खारजमिनी आणि मिठागरं आहेत, त्यापुढे धरमतरची खाडी. विनोबांचं जन्मगाव गागोदं याच तालुक्यातलं. देवांचं पुढचं बहुतेक आयुष्य मुंबईत गेलं. आकाशवाणी, रेकॉर्डिंग स्टुडिओ, नाटक, सिनेमा असा त्यांचा संसार. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी, ब्याण्णवाव्या वाढदिवसाला दोन दिवस राहिले असताना, ते मुंबईतच गेले. त्याच वर्षी मे महिन्यात अरुण दाते गेले होते. ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘या जन्मावर’, ‘दिवस तुझे हे फुलायचे’ ही गाणी दात्यांच्या गळ्यातून घरोघरी गेली. तिन्ही कविता मंगेश पाडगावकरांच्या आणि तिन्ही चाली देवांच्या. पाडगावकर २०१५ च्या डिसेंबरात गेले होते. तीन वर्षांच्या आत ही तिघंही माणसं उठून गेली.

गाण्याचीही एक कच्ची मूर्ती असते, आणि देवांइतकं तिच्याकडे लक्ष दिलेला माणूस मराठी सुगम संगीतात मला दुसरा दिसत नाही. हा लेख त्या कच्च्या गाण्याबद्दल आहे. म्हातारा झालेला गाणारा माणूस सगळा वाद्यमेळ बाजूला सारतो, एक पेटी किंवा एक गिटार जवळ ओढतो आणि आपलंच गाणं पुन्हा गातो, तेव्हा नेमकं काय ऐकू येतं, त्याबद्दल.

पाश्चात्त्य संगीतात याला मोठी प्रतिष्ठा आहे. जॉनी कॅश हा अमेरिकेतला कंट्री संगीतातला बडा गायक. स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा. ऐंशीच्या दशकात त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडून दिलं. बाजाराच्या लेखी तो संपला होता. मग रिक रूबिन नावाच्या, रॅप आणि हेवी मेटलमध्ये नाव काढलेल्या तरुण निर्मात्याने त्याला आपल्या घरच्या दिवाणखान्यात बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हणायला सांगितलं. काही गाणी कॅशच्या स्वतःच्या लाकडी खोपटात ध्वनिमुद्रित झाली. १९९४ साली ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम आला तेव्हा कॅश बासष्ट वर्षांचा होता. ड्रम नाहीत, कोरस नाही, व्हायोलिनांची झूल नाही. एक खर्जातला, थोडा झिजलेला आवाज आणि तारांवर पडणारं बोट. लोक हेलावले, आणि कॅशच्या कारकिर्दीला दुसरा जन्म मिळाला. त्याआधी ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरी चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर केला होता. ती मुद्रणं खरं तर बँडसाठी कच्चा आराखडा म्हणून केलेली होती. बँडबरोबर वाजवून पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की गाण्याचा जीव त्या आराखड्यातच आहे, आणि तोच बाजारात आणला.

हे ऐकताना मराठी माणसाला एक गोष्ट सुचायला हवी. त्यांच्याकडे वाद्यं उतरवून ठेवणं ही बातमी झाली. आपल्याकडे भावगीत जन्मालाच उघडं आलं. गजाननराव वाटवे पेटी पुढ्यात घेऊन बसत आणि कवितेला स्वतःच दिलेली चाल स्वतःच गात. गणेशोत्सवात त्यांना ऐकायला लोक रस्त्यावर बसत. गायक, संगीतकार आणि पेटीवाला, तिन्ही एकच माणूस. त्याही आधी, तिसाच्या दशकात, जी. एन. जोशींच्या तबकड्यांनी कवितेला घरात आणलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत, त्यात पसारा मांडायला जागा कुठली? वाद्यवृंद नंतर आला. सिनेमा आला, रेकॉर्ड कंपन्यांचे अरेंजर आले, व्हायोलिनांचे ताफे आले. त्यातून सुंदर गाणी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाद्यमेळाला गाण्याचं मूळ समजायची सवय आपल्याला तेव्हापासून लागली.

देवांचं पहिलं वाद्य सतार. सतारीवर बोट ठेवून तार ओढली की एका स्वरातून दुसरा स्वर निघतो, मधली वाट ऐकू येते. पेटीवर ती येत नाही. देवांच्या चालींत एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर जे हळूच सरकणं आहे, ते या सतारीतून आलं असावं, असं मला वाटतं. चित्रपटसंगीतात अनिल विश्वासांना ते गुरुस्थानी मानत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी वर्षानुवर्षं संगीतकार म्हणून काम केलं. ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमातून नवी भावगीतं लोकांपर्यंत गेली, त्या घडामोडीत देव होते. आकाशवाणीच्या त्या स्टुडिओत गायक आणि वादक एकाच खोलीत बसत. एकाचं चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा सुरुवात करायची. आज आवाज वेगळा, तबला वेगळा, बासरी तिसऱ्याच दिवशी असं मुद्रण होतं. त्या काळी गाणं आधी पूर्ण बसलेलं असावं लागे.

आणि गाणं बसवायचं म्हणजे आधी चाल सांगायची. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या चाल सांगण्याबद्दल. संगीतकार पेटी घेऊन बसतो. समोर गायक किंवा गायिका, हातात कवितेचा कागद, कानामागे किंवा बोटांत पेन्सिल. संगीतकार भाता हलवतो आणि मुखडा म्हणून दाखवतो. आवाज बहुधा गायकासारखा कमावलेला नसतो. वरच्या पट्टीत तो फाटतो, मग संगीतकार ती जागा खाली उतरवून गुणगुणतो आणि बोटाने वर दाखवतो. गायक कागदावर श्वासाच्या रेघा मारतो. ‘ही जागा अशी नाही, अशी’ असं म्हणून एकच ओळ चार वेळा होते. तबला अजून आलेला नसतो. ठेका मांडीवर नाहीतर पेटीच्या लाकडावर दिला जातो. शब्द कुठे टेकायचा, कुठे सोडून द्यायचा, कुठे श्वास घ्यायचा नाही, हे सगळं त्या वेळी ठरतं. पुढे स्टुडिओत जे होतं ती सजावट.

त्या खोलीत गाण्याचं जे रूप असतं तेच त्याचं सगळ्यात खरं रूप, असं माझं मत आहे. कॅशने बासष्टाव्या वर्षी जे मिळवलं ते आपल्या संगीतकारांकडे रोज होतं. त्याची कुणी तबकडी काढली नाही, कारण ते विकायचं असतं हेच कुणाला वाटलं नाही. तयार गाणं विकलं गेलं, चाल सांगणारा आवाज खोलीतच राहिला.

नशिबाने देवांच्या बाबतीत तो पूर्ण हरवला नाही, कारण त्यांनी तो व्यासपीठावर आणला. ‘शब्दप्रधान गायकी’ हे त्यांचं पुस्तक सुगम संगीत शिकणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी हाताळलं आहे. त्याच नावाने त्यांनी गावोगाव कार्यशाळा घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ख्यालात स्वर मालक असतो आणि शब्द त्याचा आधार, भावगीतात हे उलटं. कवितेला चाल लावण्यापूर्वी ती मोठ्याने वाचा, तिचा अर्थ बोलण्यातून कळू द्या. शब्द नीट म्हटला की चाल त्याच्यातच सापडते. गायकाने आपला गळा दाखवायचा नाही, कविता दाखवायची.

ऐकायला हे सोपं वाटतं. करून बघावं. मराठीत ‘मन’ म्हणताना शेवटचा न आपण पायमोडका उच्चारतो. गाण्यात त्याच न वर दोन मात्रा थांबायचं असेल तर त्याला स्वर द्यावा लागतो, आणि तो जरा जास्त झाला की ‘मना’ होतं. म्हणजे अर्थच बदलला, कवी मनाला हाक मारू लागला. ‘चार’मधला च आणि ‘चाल’मधला च वेगळे. ‘जीवन’मधला ज आणि ‘जग’मधला ज वेगळे. ‘तो नको म्हणाला’ या साध्या वाक्यात ‘नको’नंतर श्वास घेतला तर ‘म्हणाला’ लोंबकळतो. पंचवीस वाद्यं मागे वाजत असतील तर हे सगळे अपघात खपून जातात. एकटी पेटी असेल तर एकही खपत नाही. म्हणून साधं गाणं हे अवघड गाणं असतं. इंदूरला वाढलेले, व्यवसायाने कापडउद्योगातले इंजिनिअर असलेले अरुण दाते देवांना इतके का मानवले, याचं कारण मला इथे सापडतं. दात्यांचा गळा ताना घेणारा नव्हता, पण शब्द त्यांच्या ओठांवर पूर्ण होत असे.

‘भातुकलीच्या खेळामधली’ पुन्हा ऐकून पाहा, शक्य तर वाद्यांकडे कान बंद करून. ती गोष्ट आहे. गोष्ट सांगणारा माणूस मध्येच थांबून हरकती घेत बसत नाही. त्या चालीत गायकाला मिरवायला कुठेच मोकळी जागा सोडलेली नाही. कडव्यामागून कडवं त्याच वाटेने येतं, आणि तरी शेवटाकडे जाताना ते जड होत जातं, कारण शब्द जड होत जातात. चालीने वेगळं काही केलेलं नाही. हा संगीतकाराचा संयम आहे. देवांसारख्या, हातात सतार असलेल्या माणसाला इथे काय काय करता आलं असतं! त्यांनी केलं नाही.

देव कवीही होते, आणि हा भाग अनेकांच्या लक्षात राहत नाही. ‘कामापुरता मामा’ या चित्रपटातलं, लता मंगेशकरांनी गायलेलं ‘जीवनात ही घडी’ हे गाणं शब्दांसकट देवांचं. ते ऐकताना शब्द आधी सुचला की चाल, हे सांगता येत नाही. दोन्ही एकाच श्वासात आल्यासारखी वाटतात. ‘स्वर आले दुरुनी’चे शब्दही त्यांचे, पण तिथे त्यांनी चाल स्वतः केली नाही. ती केली प्रभाकर जोगांनी, आणि गायले सुधीर फडके. स्वतः नामवंत संगीतकार असलेला माणूस आपली कविता दुसऱ्या संगीतकाराच्या हाती देतो, यातलं मोठेपण मला महत्त्वाचं वाटतं. जोग पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ म्हणून ओळखले गेले. त्यांच्या गजातून ओळखीच्या गाण्याचा शब्दन्‌शब्द ऐकू येई, एकही शब्द न उच्चारता. देवांच्या म्हणण्याला त्यांनी दुसऱ्या टोकाकडून दिलेला तो होकार होता.

फडक्यांचं नाव आलं म्हणून ‘गीतरामायणा’कडे वळावं लागतं. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतं प्रसारित झाली, ती अनेक गायक-गायिकांच्या आवाजांत. पुढे फडके ती सगळी एकटे गाऊ लागले. राम, सीता, कौसल्या, शबरी सगळे त्यांच्या एका गळ्यात आले. पुढ्यात पेटी, बाजूला तबला आणि मोजके साथीदार. आज ‘गीतरामायण’ म्हटलं की बहुतेकांना हाच एकट्याचा आवाज आठवतो. रेडिओवरचे ते नामांकित आवाज मागे पडले आणि चाल बांधणाऱ्याचा आवाज पुढे राहिला. रचनाकाराने आपलं काम उघडं करून गायलं तर काय होतं, याचा याहून मोठा दाखला मराठीत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर फिरताना मला हेही जाणवत राहिलं की बिनवाद्याचं गाणं इथे परकं नाहीच. पेण, अलिबाग, उरण या भागात आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी ती धवला नावाच्या गाण्यांतून लावते. धवला सुरू झाला की बाकीच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. हातात वाद्य नसतं. मांडवाच्या बाहेर डीजेच्या भिंती उभ्या असतात, त्यांच्या दणक्याने भांडी वाजतात, आणि आत एका कोपऱ्यात एक वयस्क बाई, डोक्यावर पदर, नजर विधीवर, त्याच एका पट्टीत म्हणत असते. तिचा आवाज गोड करायला काही नाही. तो गोड नसतोही. पण कुठल्या विधीला कुठले शब्द, हे तिला पाठ असतं आणि शब्द चुकला तर विधी चुकला, ही तिची खात्री असते. शब्द प्रधान म्हणजे काय, हे पुस्तकाबाहेर मला इथे कळलं. दक्षिणेकडे सरकलं की शक्ती-तुऱ्याचे शाहीर भेटतात. ते स्वतः लिहितात, स्वतः चाल बसवतात आणि रात्रभर समोरच्याला सवाल टाकत स्वतः गातात. मुंबईत नोकरी आणि सणाला गावी नाच, असं त्यांचं जगणं. एकाच माणसाने लिहून गायची रीत या किनाऱ्याला जुनीच आहे. देवांवर यातल्या कशाचा परिणाम झाला असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की पेणच्या मातीत कान उघडे ठेवून वाढलेल्या कुणालाही वाद्यावाचून गाणं अपुरं वाटायचं कारण नाही.

अलिबाग तालुक्यात एका दिवाळी पहाटेच्या तयारीला मी थांबलो होतो. पहाटेचा कार्यक्रम, म्हणून आदल्या संध्याकाळीच मंचावर तारा ओढणं चाललं होतं. कीबोर्डवाला, ऑक्टोपॅडवाला अजून यायचे होते. गायिका आणि पेटीवाला तेवढे आले होते. वेळ घालवायला म्हणून तिने ‘असेन मी नसेन मी’ काढलं. शांता शेळक्यांचे शब्द, देवांची चाल. माइक बंदच होता. खुर्च्या लावणारी मुलं थांबली नाहीत, पण त्यांचा आवाज कमी झाला. पेटीवाला तिच्या मागून फक्त स्वर धरत होता, दोन ओळींमध्ये भाता सोडून देत होता. एका शब्दावर तिचा श्वास संपला, तर ती थांबली, हसली आणि तिथून पुढे म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच गाणं सगळ्या वाद्यांसकट झालं. सुरुवातीला लांबलचक म्युझिक, मध्ये बासरीचा आवाज काढणारा कीबोर्ड, खाली सतत चाललेला ऱ्हिदम. टाळ्या पडल्या. वादकांनी चूक केली नाही, त्यांनी चोख काम केलं. पण गाणं पोहोचायला जी जागा लागते ती त्यांनी भरून टाकली होती, आणि संयोजकांना, प्रेक्षकांना तेच हवं होतं. एवढ्या पैशात नुसती पेटी कशी चालेल, असा हिशेब असतो.

चालते, हे अलीकडेही सिद्ध झालं आहे. कवी सुधीर मोघे ‘कविता पानोपानी’ घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’तून कविता आणि चाल यांचा उघडा संवाद मांडला आणि त्याला तरुणांनी नाट्यगृहं भरली. कवी स्वतः गातो आहे, गळा मोठा नाही, पण शब्द त्याचे आहेत, या गोष्टीला लोक पैसे देऊन येतात.

मग या आवाजांची नीट मुद्रणं का होऊ नयेत? अशोक पत्की, श्रीधर फडके यांच्या पिढीचे संगीतकार आपापल्या चाली कशा सांगतात, ते त्यांनी पेटीवर बसून म्हणावं आणि कुणीतरी ते जसंच्या तसं बाहेर आणावं. थांबणं, चुकणं, ‘ही जागा अशी नाही’ हे सगळं ठेवून. आवाज थकलेला असेल तर थकलेला. एक शांत खोली, एक चांगला माइक, सुरात असलेली पेटी आणि मध्ये न बोलणारा एक तंत्रज्ञ, एवढं पुरतं. धवलारिणींचंही तसंच. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं वय झालेलं आहे आणि नातसुना धवला शिकत नाहीत.

आणि जे आधीच मुद्रित झालं आहे ते घराघरांत कपाटांवर पडून आहे. देवांच्या कार्यशाळांना गेलेल्या कितीतरी शिष्यांनी टेपरेकॉर्डर लावले असतील, गायकांनी चाल विसरू नये म्हणून कॅसेट भरून घेतल्या असतील. कोकणातल्या दमट हवेत या फितींना बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसू लागतात. अशी कॅसेट थेट वाजवायला घेऊ नये. फीत तुटते, किंवा बुरशी यंत्राच्या हेडवर बसून पुढच्या कॅसेटीही खराब होतात. आधी कोरड्या जागी ठेवावी, फीत साफ करून देणाऱ्या माणसाकडे न्यावी आणि पहिल्याच वाजवण्यात तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेलं साल, गाव, समोर कोण बसलं होतं ते नाव, तेही त्या प्रतीबरोबर उतरवून ठेवावं. ते लिहिणारं माणूस घरात आहे तोवरच ते अक्षर कुणाचं, हे विचारता येईल.